जावक खिडकीवरची कुंडी

३ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाची तारीख लागली! अठरा मार्च. सहा वर्षांनी जाग आली त्यांना!

समन्स सासूबाईंच्या हातात पडलं. चष्मा न लावताच ओळखलं त्यांनी. "सरकारी कागद लपत नाही गं," म्हणाल्या, पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि दूध तापवायला गेल्या. मुंगी पायात घोटाळतेय — "काय आलं? मला काय आलं?" साडेतीन वर्षांच्या पोरीला प्रत्येक पाकिटात खाऊ असतो असंच वाटतं.

नवरा दुकानातून आला, वाचलं, घडी घातली, खिशात ठेवली. "यायचंच होतं की कधीतरी." एवढंच! मग मुंगीला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभा राहिला. त्याची पाठ बघत बसले मी. चहा गार झाला.

गुन्हा केला होता त्याने. नाकारला कधीच नाही, माझ्यापाशीही नाही. तेव्हा पार्सलची गाडी चालवायचा. एका खेपेला सीटखाली पांढऱ्या पावडरीचा पुडा होता, आणि तो कसला हे त्याला ठाऊक होतं. पकडला गेला. दोन महिने आत, मग जामीन, मग सगळं शांत. इतकं शांत की त्या शांततेत तो चष्म्याच्या काचा घासायला शिकला, नवरा झाला, बाप झाला.

४ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर लक्ष नाही. एका पाकिटावर दोनदा तिकिटं लावली.

५ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेलो होतो. लहानसं ऑफिस, खुर्चीवर फाइली, आम्ही उभे. बाई फटकळ, पण मला आवडल्या.

"गुन्हा कबूल करणार ना? मग सात वर्षं धरून चाला."

सात! मुंगी दहाची होईल. माझ्या डोळ्यापुढे ती एकदम उंच झाली, वेणीबिणी घालून, आणि बापाला "तुम्ही" म्हणाली.

"ऐकताय का?" — बाई माझ्यावर खेकसल्या. हा हसला. "ती अशीच आहे. तंद्री म्हणतो आम्ही तिला."

मग बाईंनी नीट समजावलं. उशीर आपल्या बाजूने आहे. सहा वर्षं माणूस टांगत्या तलवारीखाली राहिला आणि तरी सुधारला, धंदा शिकला, घर केलं — हे न्यायाधीश बघतात. शिक्षा कमी होऊ शकते, पॅरोल मागायची तारीख अलीकडे येऊ शकते. चार वर्षं, आणि वर्षा-सव्वा वर्षात पॅरोल, असंही झालंय म्हणे. "पण एक अट. उशीर सरकारकडून झालेला पाहिजे. याने केलेला नको, करवलेला नको. माहीत असून गप्प बसला असंही नको. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. हा खुर्चीवरच्या फाइली सरळ करत होता.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सगळे घरी. त्याने घासायला आणलेल्या काचा खिडकीत मांडल्या होत्या आणि भिंतभर उजेडाचे ठिपके. मुंगी ते पकडायला धावत होती. सासूबाई ओरडल्या, "अगं पडशील, कार्टे!" — आणि मग स्वतःच एका ठिपक्यावर हात ठेवून बसल्या.

मला आमची खिडकी आठवली. ऑफिसातली.

लिहूनच टाकते. आमच्या प्रयोगशाळेत पोलिसांनी पकडलेले पुडे येतात, केमिस्ट तपासतात, रिपोर्ट लाखेचं सील करून जातो, मगच कोर्टात केस उभी राहते. मी जावक टेबलावर. टेबलाला लागून काचेची खिडकी, पलीकडे लोक. नोकरी लागून दोन आठवडे झाले होते, आणि हा आला. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. "रिपोर्ट गेला का?" मी रजिस्टर बघितलं, तारखेचा रकाना रिकामा. म्हटलं, "अजून नाही."

पुढच्या महिन्यात परत. "गेला का?" "अजून नाही." असं दर महिन्याला! बाकीचे लोक चिडायचे, हा कधी चिडला नाही. उलट "अजून नाही" म्हटलं की त्याचा चेहरा निवळायचा. मला वाटायचं, माझा आवाज ऐकून. हो, वाटायचं! चोवीस वर्षांची होते, काहीही वाटायचं.

पाचव्या खेपेला कुंडी घेऊन आला. रुंद पानांचं झाड. शिपाईमामांनी आत सोडलं, तर याने टेबल नीट न्याहाळलं, शेवटी खिडकीलगतच्या खोक्यावर कुंडी ठेवली. "इथेच राहू दे. इथे ऊन चांगलं येतं." त्या रात्री मी झोपले नाही, लाजच वाटते लिहायला.

वर्षभराने लग्न ठरलं तेव्हा मी होऊन साहेबांना सांगितलं. साहेब कडक पण सरळ. त्यांनी लिहून घेतलं — या एका नंबराच्या ओळीला मी यापुढे हात लावायचा नाही, बघायचंही नाही. मी कानाला खडा लावला. नंतर रजिस्टरचं ते पान आलं की दोन पानं एकदम उलटायचे.

११ फेब्रुवारी

रिपोर्ट आत्ता कसा निघाला तेही कळलं. नवीन सरकारी वकील आलेत, त्यांनी जुन्या केसेसची यादी काढून आमच्या ऑफिसकडून नक्कल मागवली. नक्कल लगेच निघाली. कारण मूळ रिपोर्ट अटकेनंतर चौथ्या महिन्यातच तयार झाला होता!

मग तो सहा वर्षं होता कुठे?

१२ फेब्रुवारी

स्वप्न पडलं. रिपोर्ट आमच्या घरी जेवायला आला होता. पाकिटालाच हातपाय. मुंगी त्याला वाढत होती, आणि तो म्हणत होता, "बास, बास, मला जायचंय." मी म्हटलं, "अजून नाही." हसतच उठले, मग रडू आलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

न्यायाधीशांनीही तोच प्रश्न विचारलाय, लेखी — रिपोर्ट चौथ्या महिन्यात तयार होता तर पोचला का नाही? साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. मला बाजूला बसवलं, रजिस्टर स्वतः उघडलं.

"ओळ लाल पेन्सिलीने खोडली आहे. तारखेचा रकाना रिकामा. अक्षर तुमचं."

माझंच. मला आठवलंसुद्धा. नोकरीचा पहिला आठवडा. माझ्या आधीच्या थोरल्या बाई निवृत्त होत होत्या, त्यांनी धडाधड शिकवलं — परत आलेलं पाकीट उघडायचं नाही, सील केमिस्टबाईच फोडणार. ओळ खोडायची, रकाना रिकामा ठेवायचा, पाकीट खोक्यात टाकायचं, खोकं केमिस्टबाई उचलतील. दुसऱ्या महिन्यात केमिस्ट वरच्या मजल्यावर गेले. खोकं उचलायला कोणी आलंच नाही.

"खोकं कुठे आहे?" साहेब.

मी कुंडीकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. मग मी कुंडी उचलली. जड झालीय आता. खाली पुठ्ठ्याचं खोकं, वरून उघडंच, सात पाकिटं उभी. पहिल्याच पाकिटावर, लाल पेन्सिलीने, ठळक, त्याचा नंबर. कुंडीतल्या पाण्याचा गोल डाग पडला होता त्यावर. पोस्टाचा शेरा — "कार्यालय या पत्त्यावर नाही." पोलिसांचं ऑफिस हललं होतं, बस्स!

साहेब खुर्चीत बसले. "लग्न ठरल्यावर मीच तुम्हाला म्हटलं, हात लावू नका," ते म्हणाले. "आणि मग कोणीच नाही लावला."

२१ फेब्रुवारी

इतर सहा. त्यांचं काय, हे मला काल सुचलंही नाही, इतकी मी स्वतःत बुडालेली.

साहेबांनी सातही उघडून घेतली. त्यातल्या एकात लिहिलंय — अंमली पदार्थ आढळला नाही, धुण्याचा सोडा. त्या माणसाने सोड्यापायी दोन वर्षं आत काढली. त्याची आई यायची खिडकीशी. पदराच्या टोकाला चिठ्ठी बांधलेली. तिलाही मी म्हणायचे, अजून नाही.

एकच उशीर. आमच्या घरी त्यातून मुंगी आली, त्यांच्या घरचा कर्ता माणूस दोन वर्षं आत राहिला. मी आज जेवले नाही. सासूबाईंनी विचारलं नाही, नुसतं ताट झाकून ठेवलं.

२२ फेब्रुवारी

याला सांगितलं. दुकानात गेले होते मुद्दाम. तो चाकावर काच धरून बसला होता. मी सगळं ओकले — खोकं, कुंडी, पाण्याचा डाग, सोडा. चाकाचा आवाज चालूच.

"काय म्हणालीस? सोडा?"

"हो. त्याचं पाकीट तुझ्याच मागे होतं."

काच तडकली. तो काचा कधी तडकवत नाही. तुकडे गोळा करत बसला खाली, कितीतरी वेळ. मग म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस? तुझा दोष नाही. ऐकतेयस ना? तुझा नाही." डोळे भरले होते त्याचे. मला इतकं बरं वाटलं! माझ्यासाठी रडला.

२ मार्च, रविवार

सासूबाईंना आज सांगितलं. वाटलं फाडून खातील. त्या आ वासून बघत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या, पोट धरून. "म्हणजे तुझ्या तंद्रीने माझ्या पोराचा संसार झाला म्हण की! जागी असतीस तर कुठला नवरा नि कुठली मुंगी!" मग पदर डोळ्याला. "सात वर्षं मी टिकायची नाही गं. चार म्हणाले तर बघेन त्याला."

हे पहिल्यांदा बोलल्या त्या.

६ मार्च

वकीलबाई माझ्यावर भडकल्या, मग साहेबांवर, मग टेबलावर हात आपटला. "आरोपीची बायको जावक टेबलावर! सरकारी वकील सोडतील का? म्हणणार, नवरा-बायकोने मिळून पाकीट दाबलं. मग उशिराचा फायदा गेला, आणि तुम्हीही आत."

"पण मी तर त्याला ओळखतही नव्हते तेव्हा!"

"तेच सांगा. उभ्या राहा आणि तेच सांगा. विचारलं तेवढंच. आणि जरा जाग्या राहा!"

यानेही ऐकलं सगळं. परत येताना रस्ताभर माझा हात धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात असा कधी धरत नाही. मध्येच थांबला. "मी सांगू का त्यांना, सात तर सात? तू नको उभी राहूस." वेडाच आहे! मी म्हटलं, माझ्या खऱ्याला कशाला भिऊ? तो परत चालायला लागला.

१७ मार्च

उद्या. मुंगीने बाबाच्या बुटांना पॉलिश केलं. एकालाच.

१८ मार्च, मंगळवार

झालं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल स्वप्नच होतं.

कोर्टाची खोली लहान आणि पिवळी. पंखा टकटक करतो. शपथ घेतली. सरकारी वकील तरुण आहेत, आवाज मऊ. मऊ आवाजाचीच भीती वाटते.

"पाकीट परत आलं तेव्हा आरोपीशी ओळख होती?" नाही. "लग्न कधी?" वर्षभराने. "खोक्यात काय आहे हे कधी बघितलं नाही?" नाही. "त्यावर कुंडी होती?" हो. "पाच वर्षं रोज पाणी घातलंत आणि खाली बघितलं नाही?" — नाही. लोक हसले. मी रडवेली झाले. "साहेब, माझं लक्ष नसतं. घरी विचारा कोणालाही!"

न्यायाधीश वयस्कर. तेही गालात हसले बहुतेक. मग त्यांनी स्वतः विचारलं, हळूच, "आणि तुमच्या नवऱ्याला? त्याला माहीत होतं?"

हे वकीलबाईंनी पढवलं नव्हतं. मला पढवायची गरजच नव्हती! मी ताठ उभी राहिले. "नाही. त्याला माहीत असतं तर दर महिन्याला विचारायला कशाला आला असता?"

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. वकीलबाईंनी डोळे मिटून मान हलवली, शाबास अशी. मी याच्याकडे बघितलं. तो पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता.

१९ मार्च

इतकी हलकी वाटतेय की चालताना पाय जमिनीला लागत नाहीत. घरभर उजेडाचे ठिपके.

२७ मार्च, गुरुवार

चार वर्षं. चौदा महिन्यांनी पॅरोल मागता येईल!

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. एवढ्या उशिरात आरोपीचा हात नाही. त्याच्या पत्नीची साक्ष विश्वासार्ह वाटते. उशिराचं कारण ठाऊक नसताना तो महिन्यामागून महिना अनिश्चिततेत जगला आणि तरीही प्रामाणिकपणे उभा राहिला. म्हणून. जीव भांड्यात पडला. "पत्नीची साक्ष" म्हणाले तेव्हा सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

मग त्याला नेलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला — आत काचेचा चालत नाही म्हणे. मुंगीला सांगितलंय, बाबा कामाला गेलाय, चौदा महिने. ती बोटं मोजते, दहावर अडकते, माझी चार घेते.

४ एप्रिल

त्याचा चष्मा घालून बघितला. सगळं लांबचं स्पष्ट झालं. पलीकडच्या इमारतीतल्या दाराचा नंबरसुद्धा वाचता आला. केवढी तीक्ष्ण नजर होते हा लावला की!

२३ एप्रिल, बुधवार

माझी बदली. वरच्या मजल्यावर, जिथे खिडकी नाही. शिक्षा नव्हे, साहेब म्हणाले, पण आहेच. मला मान्य आहे.

जावक टेबलावर नवीन मुलगी आलीय. चुणचुणीत. पहिल्याच दिवशी सगळे खण पुसून काढले. परवा मी सामान भरत होते तर म्हणाली, "ताई, कुंडी न्या हं तुमची. ही खिडकी उत्तरेची, ऊन येतच नाही इथे. हे झाड सावलीचं म्हणून जगलं."

मी म्हटलं, येतं की, सकाळी येतं. ती म्हणाली, नाही हो. मी उगाच थांबले. दुसऱ्या दिवशी लवकर गेले, डबा तिथेच खाल्ला, पाच वाजेपर्यंत अधूनमधून खाली येऊन बघितलं. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. पाच वर्षं तिथे बसले मी आणि हे बघितलं नाही.

खिडकीच्या पलीकडेही जाऊन उभी राहिले, लोक उभे राहतात तिथे. खोकं आता नाही, पण जिथे होतं ती जागा बरोब्बर समोर येते.

२५ एप्रिल

काहीतरीच विचार येतात. घरी कुंडी गॅलरीत ठेवलीय, उन्हात. दोन पानं करपली.

४ मे, रविवार

पहिली भेट. मधे काच, दोन्हीकडे फोन. वाळलाय. मुंगीच्या चित्राला हसला. मग मी विचारलं, कुंडी त्या खोक्यावरच का ठेवलीस?

"खिडकीतून नंबर दिसत होता," म्हणाला. "दुसऱ्या खेपेपासून. ते तिथेच आहे ना, एवढं बघायला यायचो. नंतर तुला बघायला. सोड्याचं मला माहीत नव्हतं गं, शपथ. कोर्टात उठून सांगणार होतो, तेवढ्यात तू बोललीस."

फोन ठेवला मी. परत उचलला. "चौदा महिने," एवढंच म्हणाले.

सासूबाई विचारत होत्या, काय म्हणाला? म्हटलं, बरा आहे. आता त्या मुंगीला बोटं मोजायला शिकवतायत. वही बंद करतेय. कपाटाच्या खालच्या खणात, आणि वर कुंडी ठेवणार आहे. झाड सावलीचंच आहे.